एक घर, चार बँका

सप्टेंबर २०२४. छत्तीसगडच्या सक्ती जिल्ह्यातल्या छपोरा गावात स्टेट बँकेची नवी शाखा उघडली. भाड्याच्या गाळ्यात काउंटर आलं, खुर्च्या-टेबलं आली, संगणक आले, फलक लागला, आणि सहा जण नोकरीवर रुजूही झाले. गावकऱ्यांची ये-जा सुरू झाली. जवळच्या डभरा शाखेच्या व्यवस्थापकांना मात्र प्रश्न पडला, की आपल्या शेजारी नवी शाखा निघते आणि आपल्याच कानावर कसं येत नाही? २७ सप्टेंबरला पोलीस आणि बँकेचे अधिकारी तिथे पोचले, तेव्हा शाखा साफ बनावट निघाली. दहा-एक दिवस ती राजरोस चालली होती. आत बसलेल्या कर्मचाऱ्यांनाही ती खरीच वाटत होती. त्यांनी लाखांनी पैसे मोजून नेमणूकपत्रं मिळवली होती, आणि ती पत्रंही खोटीच होती.

छपोरा रायपूरपासून अडीचशेएक किलोमीटरवर आहे. ‘मोबाइलचं काही खरं नाही, शाखेत जाऊन काम केलं की जिवाला घोर नाही,’ असं ठासून सांगणारे काका रायपूरच्या प्रत्येक मराठी मोहल्ल्यात भेटतात. त्यांना मी ही हकिगत आवर्जून सांगतो. शाखाही खोटी असू शकते, फलकही, आणि काउंटरमागचा अदबशीर मुलगाही. मग पुढचा प्रश्न येतो: अस्सल बँका तरी एकमेकींपासून किती वेगळ्या? घरबसल्या व्यवहार करायचे तर कोणती बरी? यूट्यूबवर या विषयाचे व्हिडिओ ढिगाने पडलेत, आणि त्यातल्या बहुतेकांत अॅपचा चेहरामोहरा, ऑफर आणि कॅशबॅक यांचीच मोजदाद चालते. मला ही तुलना भलत्याच जागी चाललेली दिसते. पैसे सुरळीत जातात तोवर कुठलीही बँक चालते. ते अडकले, कटले, चोरीला गेले, की मग बँकाबँकांतला फरक कळायला लागतो. पण तोवर आपण खातं उघडून बसलेलो असतो.

चौबे कॉलनीतलं एक घर घेऊ. हे घर मी ओळखीच्या काही घरांच्या सवयी जोडून उभं केलं आहे, तेव्हा कुणी अंगाला लावून घेऊ नये. बाबा राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त, त्यांची पेन्शन स्टेट बँकेत. आईचं खातं बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये. नागपूरहून लग्न होऊन आली ती माहेरच्या बँकेची सवय घेऊनच. मुलगा पुण्याला हिंजवडीत, त्याचा पगार कंपनीने ठरवलेल्या खासगी बँकेत. आजीचं खातं ग्रामीण बँकेत, कारण आजोबांची शेती राजनांदगावकडे होती आणि धानाचे पैसे तिथेच यायचे. तीन स्मार्टफोन, एक बटणांचा फोन, आणि ‘अरे, ओटीपी आला का बघ’ हे दिवसातून एकदा तरी कानावर पडणारं वाक्य.

मराठी माणूस रायपूरला नवा नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यात छत्तीसगडवर बसला, तेव्हापासून ही वस्ती आहे. तात्यापारा, बुढापारा या जुन्या मोहल्ल्यांत अजून मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. हिंदी पत्रकारितेत मोठं नाव असलेले माधवराव सप्रे याच मुलखातले, आणि घरात मराठी बोलणारे. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. त्याच वर्षीच्या १६ सप्टेंबरला पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत कामकाज सुरू झालं. मंडळ आणि बँक एकाच वयाची, हा योगायोग इथल्या मंडळींना फार आवडतो. ‘महाबँक’ म्हटलं की आवाजात जरा ओलावा येतो. ओलाव्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त बँक निवडताना तो हिशेबात किती धरायचा, एवढंच बघायचं.

*

बँका कुठे सारख्या आहेत ते आधी पाहू, म्हणजे जाहिरातींतला बराच पालापाचोळा बाजूला होईल.

आयसीआयसीआय बँकेने १९९६च्या सुमारास देशात इंटरनेट बँकिंगची सुरुवात केली, १९९९ मध्ये एचडीएफसी बँक त्यात उतरली. तेव्हाचा फरक खराखुरा होता. एका बँकेत घरातून पैसे पाठवता यायचे, दुसरीत ड्राफ्ट काढायला रांग लावावी लागायची. आज पैसे नेणारी यंत्रणा कुठल्याच बँकेच्या मालकीची राहिलेली नाही. एनईएफटी आणि आरटीजीएस रिझर्व्ह बँक चालवते, आयएमपीएस आणि यूपीआय ‘एनपीसीआय’ हे महामंडळ चालवतं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झालं, दर अर्ध्या तासाला एक गठ्ठा सुटतो. आरटीजीएस पुढच्या वर्षीच्या १४ डिसेंबरपासून चोवीस तास झालं. जानेवारी २०२० पासून बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी केल्यास कुठलीही बँक शुल्क घेऊ शकत नाही. टाकी एकच, नळ निरनिराळे. ‘आमच्या अॅपमधून क्षणात पैसे’ असं एखादी बँक मिरवते, तेव्हा ती दुसऱ्याच्या टाकीतलं पाणी आपलं म्हणून दाखवत असते.

याचा पुरावा १२ एप्रिल २०२५च्या शनिवारी मिळाला. यूपीआयच अडखळलं, आणि सरकारी, खासगी, गूगल पे, फोनपे असा भेद न करता सगळ्यांचे व्यवहार अडकले. त्याआधी २६ मार्चलाही तेच झालं होतं. खिशात रोकड ठेवायची सवय मोडलेल्यांची त्या दिवशी भलतीच पंचाईत झाली.

व्याजाचंही तसंच. बचत खात्याचा दर ठरवायची मोकळीक बँकांना ऑक्टोबर २०११ मध्ये मिळाली, तेव्हा काही खासगी बँकांनी सहा-सात टक्क्यांची आमिषं दाखवली. २०२५च्या जूनमध्ये स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिन्ही एकामागोमाग अडीच टक्क्यांवर येऊन थांबल्या. बड्या बँकांत व्याज बघून बचत खातं निवडण्यात आता अर्थ उरलेला नाही. जास्तीचे पैसे खात्यात कुजवण्यापेक्षा मुदत ठेवीत टाकावेत, आणि ते काम प्रत्येक अॅपमध्ये घरबसल्या होतं.

किरकोळ फरक आहेत, ते माहीत असावेत. आयएमपीएसचे पैसे ताबडतोब पोचतात, पण शुल्क बँकेगणिक बदलतं. स्टेट बँकेत ऑनलाइन आयएमपीएस बरीच वर्षं फुकट होतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून २५ हजारांच्या वर बँक पैसे घेऊ लागली: एक लाखापर्यंत २ रुपये, दोन लाखांपर्यंत ६, पाच लाखांपर्यंत १०, वर जीएसटी. रक्कम किरकोळ आहे. पण अर्धा तास थांबायची तयारी असेल तर तेच काम एनईएफटीने फुकट होतं, हे पुण्याला भाड्याची अनामत पाठवणाऱ्या बाबांना अॅप आपणहून सांगत नाही.

*

खातं नुसतं जिवंत ठेवायला काय पडतं, इथे मात्र बँकांच्या वाटा सपशेल वेगळ्या होतात.

एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेने किमान शिल्लक नसल्याबद्दलचा दंड पुन्हा सुरू केला. त्या वर्षीच्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत तिने या एका दंडातून १,७७१ कोटी रुपये जमा केले. जुलै-सप्टेंबर तिमाहीतला तिचा नफा याहून कमी होता! ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांच्याकडूनच कमी असल्याचे पैसे. ओरड झाली, दंड उतरला, आणि मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरची किमान शिल्लकीची अटच बँकेने काढून टाकली. २०२५च्या जून-जुलैमध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक या सरकारी बँका त्याच वाटेने गेल्या.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने उलटी दिशा धरली. महानगरं आणि शहरांतल्या नव्या बचत खात्यांना महिन्याची सरासरी शिल्लक ५० हजार. रायपूर त्या शहरी गटात येतं. निमशहरी भागाला २५ हजार, खेड्यात १० हजार. काही दिवस सगळीकडे गदारोळ झाला आणि बँकेने आकडे खाली आणले: शहरात १५ हजार, निमशहरी ७,५००, खेड्यात २,५००. बरेच जण ‘जिंकलो’ म्हणाले. १५ हजारसुद्धा आधीच्या १० हजारांपेक्षा जास्तच होते, हे त्या आनंदात बुडून गेलं.

मी बँकेला दोष देत नाही. खासगी बँक आपल्याला हवा तो ग्राहक निवडते, आणि किमान शिल्लक हे तिचं दार आहे. पण आपल्या चौबे कॉलनीतल्या घराला हे दार कुठे लागतं बघा. मुलाचं पगाराचं खातं, त्याला शिल्लकीची अट नाही. त्याने नोकरी बदलली, नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं काढून दिलं. जुन्यात चारेक हजार पडून राहिले. काही महिने पगार आला नाही की बँक ते खातं साधं बचत खातं समजते आणि अट लागू होते. रिझर्व्ह बँकेचे नियम एवढंच संरक्षण देतात, की दंड तुटीच्या प्रमाणात असावा, निव्वळ त्या दंडामुळे खातं उणे होऊ नये, आणि खातं निष्क्रिय ठरल्यावर तो लावू नये. निष्क्रिय ठरायला मात्र दोन वर्षं लागतात. तोपर्यंत चार हजार कधीच संपलेले असतात. पोराला फोन करून विचारावं: ‘जुनं खातं बंद केलंस का रे?’ उत्तर बहुधा ‘करतो, बाबा’ असंच येईल.

एटीएमचं गणित मात्र रायपूरकरांच्या बाजूचं आहे. दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून महिन्याला तीन वेळा फुकट, हा नियम सहा महानगरांपुरता. इतरत्र पाच वेळा. त्यानंतर १ मे २०२५ पासून दर वेळेला २३ रुपयांपर्यंत. रायपूर त्या सहांत नाही. आणि पुणंही नाही, हे पुणेकरांना जरा लागेल.

*

आता अॅप. त्यांचे स्वभाव खरोखर निराळे आहेत, आणि हे स्वभाव बँकेच्या स्वभावावरच गेलेत.

स्टेट बँकेचं घर मोठं, दारंही अनेक. योनो २४ नोव्हेंबर २०१७ला आलं. त्याआधीपासून एक साधं मोबाइल बँकिंगचं अॅप होतंच, त्याला पुढे योनो लाइट नाव मिळालं. यूपीआयसाठी भीम एसबीआय पे वेगळं. ब्राउझरमधलं नेटबँकिंग आणखी वेगळं, आणि त्यात लॉगिनचा पासवर्ड एक, प्रोफाइलचा दुसरा. बाबांनी हे सगळं एका जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे, आणि डायरी देव्हाऱ्याखालच्या खणात. सुरक्षेच्या शास्त्राप्रमाणे हे महापाप. त्यांना ओरडण्याआधी इतके पासवर्ड कुणी मागितले, तेही बघावं. योनोमध्ये कर्ज, विमा, म्युच्युअल फंड, खरेदी असं सगळं भरल्यामुळे ज्याला फक्त शिल्लक बघायची आहे त्याची दमछाक होते. दुसरीकडे, पेन्शनरांसाठी या बँकेने केलेलं एक काम मला इतर सगळ्या दागिन्यांपेक्षा मोलाचं वाटतं. १ नोव्हेंबर २०२१ पासून व्हिडिओ कॉलवर हयातीचा दाखला देता येतो. केंद्र सरकारचं जीवन प्रमाण २०१४ पासून आहे, पण त्याला आधी अंगठ्याचं यंत्र शोधावं लागायचं, आणि म्हाताऱ्या अंगठ्यांच्या रेषा यंत्राला सापडायच्या नाहीत. नोव्हेंबरातली ती काठी टेकत लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या सोयीची किंमत सांगायला नको.

खासगी बँकांची अॅप चटपटीत. आयसीआयसीआयचं आयमोबाइल २००८चं, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी ते दुसऱ्या बँकांच्या खातेदारांनाही खुलं केलं. मुलाला ते आवडतं, कारण त्याला दोन बोटांत काम उरकायचं असतं. पण चटपटीतपणाचा एक तोटा आहे: पूर्वमंजूर कर्जाचं बटण शिल्लकीच्या आकड्याइतकंच जवळ असतं. पंचवीस-तिशीतल्या पोरासाठी हा फरक नुसत्या सजावटीचा राहत नाही.

महाबँकेच्या नेटबँकिंगला आईच्या संगणकावर महासिक्योर नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. आईला तो जाच वाटतो. मला मात्र तिच्यासारख्या, मोजकेच व्यवहार करणाऱ्या माणसासाठी जास्तीचं कुलूप बरंच वाटतं. सगळीकडे सोय शोधणारी तुलना इथे फसते. वापरणारा बदलला की गैरसोयसुद्धा गुणात जमा होते.

आणि आजी. छत्तीसगड राज्य ग्रामीण बँक २०१३ मध्ये तीन जुन्या ग्रामीण बँका एकत्र करून झाली, मुख्यालय रायपूरलाच, पाठीशी स्टेट बँक. आजी अॅप उघडत नाही. गावी गेली की बँक सखीच्या छोट्या यंत्रावर अंगठा लावते आणि पैसे घेते. बटणांच्या फोनवरून यूपीआय करायची सोय मार्च २०२२ मध्ये आली, पण तिच्या वयाची कुणी ती वापरताना माझ्या पाहण्यात नाही. अंगठ्याची चोरी होऊ शकते, हे मात्र तिच्या घरच्यांना माहीत हवं. आधारच्या अॅपमध्ये बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात, लागतील तेव्हा थोडा वेळ उघडता येतात. ते पाच मिनिटांचं काम नातवाचं.

*

रिझर्व्ह बँक अधूनमधून एखाद्या बँकेला जाहीरपणे कानपिचक्या देते. बँकांची तुलना करणाऱ्याने सर्वांत आधी हे आदेश वाचावेत, असं मला वाटतं. जाहिरातीपेक्षा ते खरं बोलतात.

२१ नोव्हेंबर २०२०ला एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरचा वीजपुरवठा खंडित झाला आणि सेवा कोलमडली. त्याआधीच्या दोन वर्षांतही असं घडलं होतं. २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं दोन्ही थांबवायला सांगितली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये सुटली, उरलेली मार्च २०२२ मध्ये. देशातल्या सगळ्यात मोठ्या खासगी बँकेला सव्वा वर्ष हे सोसावं लागलं. त्याच डिसेंबरच्या ३ तारखेला स्टेट बँकेचं योनोही बंद पडलं होतं, पण ती गोष्ट चटकन विसरली गेली.

कोटक महिंद्रा बँकेवर २४ एप्रिल २०२४ला बडगा आला: ऑनलाइन नवे ग्राहक घेणं बंद, नवी क्रेडिट कार्डं बंद. कारणांत डेटाची सुरक्षा होती, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्यातली ढिलाई होती, आपत्तीत यंत्रणा सावरण्याची अपुरी तयारी होती. १२ फेब्रुवारी २०२५ला निर्बंध उठले.

बँक ऑफ बडोदाची गोष्ट आणखी वेगळी, आणि मला सर्वांत बोचणारी. अॅपवर किती नोंदण्या झाल्या हे वरिष्ठांना दाखवण्यासाठी खातेदारांच्या खात्यांना परक्यांचे मोबाइल क्रमांक जोडले गेले, असं वृत्त ‘अल जझीरा’ने जुलै २०२३ मध्ये दिलं. १० ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने बॉब वर्ल्ड या त्या अॅपवर नवे ग्राहक घेणं थांबवलं. मे २०२४ मध्ये परवानगी परत मिळाली. आपला मोबाइल क्रमांक ही खात्याची किल्ली असते. ती किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर अॅप कितीही देखणं असो, काय उपयोग? म्हणून कुठल्याही बँकेत आपल्या खात्याला नेमका कोणता क्रमांक जोडला आहे, हे वर्षातून एकदा पाहावं. बाबांच्या खात्याला अजून त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या सिमचा नंबर असण्याची शक्यता बरीच आहे.

पेटीएम पेमेंट्स बँकेचं काय झालं ते सर्वांनी पाहिलंच. १५ मार्च २०२४ नंतर तिथे पैसे भरणंच थांबलं, आणि दुकानोदुकानी बोलणारे ते निळे डबे रातोरात दुसऱ्या बँकांच्या आधाराला गेले.

*

पैसे अडकले तर काय करायचं, हे लोकांना सांगावं लागतं, कारण बँका ते ठळक छापत नाहीत. यूपीआय किंवा आयएमपीएसने माणसाला पाठवलेले पैसे खात्यातून कटले आणि समोर पोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसाअखेर परत यायला हवेत. एटीएममधून नोटा न येता पैसे कटले तर पाच दिवस. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. सप्टेंबर २०१९चं हे परिपत्रक सगळ्या बँकांना सारखंच लागू आहे. फरक पडतो तो ‘न मागता’ या दोन शब्दांत. एका खासगी बँकेकडून मला ही भरपाई तीन ईमेल धाडल्यावर मिळाली, आणि ईमेलच्या उत्तरात माझं नावही चुकलं होतं.

चोरी झाली, तर ६ जुलै २०१७चं परिपत्रक तोंडपाठ असावं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी लबाडी केली, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १० हजारांचा भार. सातच्या पुढे गेलं की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर, आणि इथे पुन्हा बँका वेगळ्या होतात. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती परत द्यायची, नव्वद दिवसांत निकाल. पण ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. भामट्यांना हे पक्कं माहीत आहे. ते कुलूप फोडायच्या भानगडीत न पडता किल्ली मागून घेतात. ‘आज रात साढ़े नौ बजे आपकी बिजली काट दी जाएगी’ हा मेसेज रायपूरमध्ये किती घरांत येऊन गेला असेल! वीज जाईल या धास्तीने हात पटकन चालतो.

म्हणून माझ्या तुलनेतली पहिली कसोटी अशी: खातं, कार्ड आणि यूपीआय, तिन्ही घाबरलेल्या माणसाला किती लवकर बंद करता येतात? कार्ड चालू-बंद करायचं बटण १ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्याच बँकांना द्यावं लागतं. पण कुठे ते पहिल्या पानावर असतं, कुठे ‘सर्व्हिसेस’, मग ‘कार्ड्स’, मग ‘मॅनेज’ अशा भुलभुलैयात. स्टेट बँकेच्या नेटबँकिंगमध्ये लॉगिन न करता आपला प्रवेशच गोठवायची सोय आहे, आणि ती वापरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पैसे गेले की आधी १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक, मग बँक, मग बाकीचं जग. पहिल्या तासाभरात फोन गेला तर समोरच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची आशा असते.

समोरचं खातं कुणाचं असतं, ही रायपूरसाठी जरा अवघड जागा आहे. ‘महादेव’ या ऑनलाइन सट्ट्याच्या टोळीची मुळं शेजारच्या भिलाईत निघाली, आणि तिचा पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून फिरला. २०२५च्या सुरुवातीला रायपूर पोलिसांनी ‘ऑपरेशन सायबर शील्ड’मध्ये असे ‘म्यूल’ खातेदार पकडले. थोड्या पैशांच्या मोहाने पासबुक, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेली माणसं ही. खातं उघडणं अॅपवर जितकं सोपं होत गेलं, तितकंच ते भाड्याने देणंही सोपं झालं, आणि या बाबतीत कुठली बँक किती डोळे उघडे ठेवते, याचं रँकिंग कुठल्याच व्हिडिओत नसतं.

दोन नव्या गोष्टी मात्र खरोखर कामाच्या आहेत. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना समोरच्या खात्याचं नाव आधी दिसायला हवं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायचं होतं. छपोऱ्यासारखी शाखा इंटरनेटवर थाटणं आता थोडं अवघड होईल. थोडंच, कारण पत्ता वाचणारी माणसं कमी.

*

रायपूरच्या जुन्या माणसांसमोर बँकांची तुलना काढली, की एक नाव निघतंच: इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक. २००६ मध्ये तिथला घोटाळा बाहेर आला, बँक बुडाली, आणि लहान ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना रुपी बँक, पीएमसी आठवतील. ऑनलाइनचीच आठवण हवी तर ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक, ९४ कोटींची सायबर चोरी. ठेवींचा विमा तेव्हा एक लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाखांचा झाला. मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका माणसाला पाच लाख. अॅपमध्ये हा आकडा कुठे मोठ्या अक्षरात दिसत नाही. निवृत्तीचे पैसे छोट्या बँकेत जास्त व्याजासाठी ठेवणाऱ्याने तो भिंतीवर लिहून ठेवावा.

तर चौबे कॉलनीतल्या घराला माझा सल्ला असा. बाबांची पेन्शन आहे तिथेच राहू दे. किमान शिल्लकीची अट नाही आणि हयातीचा दाखला घरातून जातो. फक्त योनोवर बसून मुदत ठेवी मोडायचं काम त्यांनी एकट्याने करू नये. आईचं महाबँकेतलं खातं घराचं तिजोरी-खातं करावं, यूपीआयशी न जोडता. रोजच्या भाजी-दुधासाठी वेगळं, मुद्दाम किरकोळ रकमेचं खातं ठेवावं आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडावं. चोरी झालीच तर दोन-तीन हजारांची होईल. मुलाने जुनं खातं बंद करावं. कार्डाच्या कॅशबॅकपायी पाचवी-सहावी बँक घरात आणू नये, ज्या खात्यांवर रोज नजर फिरत नाही तीच आधी धुतली जातात. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, फुकट. रायपूरमध्ये लोकपालाचं कार्यालय आहे, पण २०२१ पासून कागदावरची तक्रार आधी चंडीगडला पाठवावी लागते. वेबसाइटवर केली तर तो फेरा वाचतो.

एक काम राहिलं, आणि त्यात सगळ्याच बँका आजवर सारख्या वाईट होत्या. खातेदार गेल्यावर पैसे घरच्यांना मिळणं. पासबुकात एक नाव, आधारवर दुसरं, नॉमिनी म्हणून तीस वर्षांपूर्वी लिहिलेली आई, जी आता नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५च्या अखेरीस सांगितलं आहे, की कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत असे दावे निकाली काढा, आणि हे मार्च २०२६ पर्यंत लागू करा. चार नॉमिनींची तरतूद करणारा कायदाही एप्रिल २०२५ मध्ये झाला आहे. अंमल कसा होतो ते पुढे दिसेल. नॉमिनीचं नाव मात्र आपणच तपासायचं असतं. अॅपमध्ये ते बहुधा ‘सर्व्हिस रिक्वेस्ट’च्या आत, चेकबुकच्या मागणीखाली असतं. दिवाळीला मुलगा पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने घरी येईल, फराळ झाला की चारही फोन टेबलावर घेऊन बसावं. आजीच्या खात्यासाठी मात्र राजनांदगावच्या शाखेत जावं लागेल, आणि भाऊबीज झाली की शाखा उघडेल.